वरची सात बटणं

लग्नसराई सुरू झाली की आमच्या घरात कुणी बसून जेवत नसे. पेठ रोडला आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत अण्णांच्या बेंजो पार्टीचं सामान राहायचं आणि मागच्या खोलीत आम्ही तिघं, म्हणजे आई, अण्णा आणि मी. लोखंडी भोंगे, वायरींची वेटोळी, ढोलांच्या मखमली खोळी, आणि कपाटावर जुन्या चादरीत गुंडाळलेला बेंजो. आई मधल्या दारात उभी राहून ताटं द्यायची आणि ज्याला जिथे टेकायला मिळेल तिथे तो भाकरी मोडायचा. बाजरीची भाकरी, मुगाच्या डाळीचं घट्ट पिठलंवजा काहीतरी, ज्याला आई नुसतं 'डाळ' म्हणायची, आणि खलबत्त्यात ओबडधोबड कुटलेला ठेचा. तो ठेचा कुटताना होणाऱ्या आवाजावर अण्णा गुडघ्यावर बोटं नाचवत. हातातला घास तसाच राही. आई म्हणायची, "आधी जेवा, मग वाजवा." हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलंय की आजही कुणी जेवताना फोन हातात घेतला की माझ्या तोंडून तेच निघतं, आणि माझी मुलगी म्हणते, "आई, मी कुठे काय वाजवतेय?"

आमच्याकडचा बेंजो म्हणजे हातभर लांबीची लाकडी पेटी. तिच्यावर ताणलेल्या तारा आणि टाइपरायटरवर असतात तशी बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हातातल्या पट्टीने तार छेडायची. वरातीच्या गाडीवर अण्णा पुढे बसत, पाठीमागे भोंगे, खाली रस्त्यावर ढोल आणि ताशे. ढोल सुदामकाकांचा. सुदामकाका आणि अण्णा दोघं मखमलाबादच्या एकाच शाळेतून एकाच वर्षी बाहेर पडले होते आणि त्यानंतर कधी वेगळे झाले नव्हते. पावसाळ्यात लग्नं नसत तेव्हा अण्णा द्राक्षाची खोकी बनवायच्या कारखान्यात जात, पण कुणी 'काय करता?' असं विचारलं तर ते खोक्यांचं नाव काढत नसत. "बेंजो मास्टर हाय," एवढंच सांगत.

मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा घरात ते मशीन आलं. तोवर दुसऱ्या पार्ट्यांचे बेंजो गिटारसारखे किंचाळायला लागले होते, आणि लग्नघरची तरुण मुलं तसाच आवाज मागत. मालेगावात एका ऑर्केस्ट्रातला गिटारवाला सगळं सोडून सुरतेला चालला होता. त्याच्याकडून अण्णांनी गिटारचा प्रोसेसर घेतला. पाटाएवढं काळं मशीन, पायाने दाबायच्या कळा, मधोमध निळसर पडदा. बेंजोची वायर त्यात खोचली की साधा टणत्कार पाहिजे तसा बदलून मिळे. तो घुमवता येई, त्याचे पडसाद काढता येत, त्याला धार लावता येई, एका सुराचे दोन करता येत. पहिल्या संध्याकाळी अण्णांनी एकेक आवाज काढून दाखवला, आणि आमच्या गल्लीतल्या बायका कणीक मळायची सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या. अण्णांचा चेहरा त्या दिवशी कसा होता ते मला अजून आठवतं. नवी सायकल मिळालेल्या पोरासारखा.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग एका हळदीच्या कार्यक्रमाहून अण्णा दुपारीच परतले आणि न बोलता बाजेवर बसले. सुदामकाकांनीच सांगितलं. नवरीचा मामा नाचायला उभा राहिला, अण्णांनी पायाने कळ दाबली, पडद्यावर काहीतरी लुकलुकलं आणि बेंजोचा आवाज बंद. नुसता ढोल वाजत राहिला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. अण्णांनी खिशातून लग्नपत्रिका काढून माझ्यापुढे धरली. तिच्या पाठीवर त्यांनी पडद्यावरची इंग्रजी अक्षरं जशीच्या तशी उतरवून आणली होती, वेडीवाकडी, एक अक्षर उलटं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण वाजवता वाजवता बंद पडलेल्या मशीनसमोर बसून त्यांनी ती अक्षरं काढली होती. मी वाचलं, "प्रोसेसर ओव्हरलोड."

"म्हंजे काय?"

"माहीत नाही अण्णा. बघते."

मी सायबर कॅफेत जाऊन त्या मशीनचं माहितीपुस्तक शोधलं आणि त्यातली कामाची पानं छापून आणली. दोन दिवस त्यांच्यावर पेन्सिल घेऊन बसले. गोष्ट तशी सरळ होती. मशीनच्या पोटात आवाजाचं काम करणारी एकच चिप. प्रत्येक इफेक्ट तिची थोडी ताकद खातो. काही कमी खातात, काही फार. घुमवणारे, पडसाद काढणारे आणि एका सुराचे दोन करणारे सगळ्यांत जास्त. सगळ्यांची बेरीज तिच्या ताकदीबाहेर गेली की ती आधी सूचना देते आणि मग गप्प बसते. मी अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांना ते लगेच पटलं. "म्हंजे टेम्पोत माणसं जास्त झाली," ते म्हणाले. मी तीन जड इफेक्ट काढून टाकले, राहिलेले साठवून ठेवले. बेंजो वाजवून पाहिला. छान स्वच्छ वाजत होता. अण्णा म्हणाले, "जरा बसका वाटतोय." मी म्हटलं, "नाही, बरोबर आहे." त्यांनी मान हलवली.

आठ दिवसांनी आडगावच्या लग्नात पुन्हा तेच. मला वाटलं, अडॅप्टर खराब असेल, जनरेटरवर वीज खालीवर होते म्हणून मशीन गडबडत असेल. नवा अडॅप्टर आणला. पुन्हा तेच. मग वाटलं, उन्हाने तापत असेल. आईने गोणपाट भिजवून खाली घालायला दिलं. तरीही तेच. खरं सांगायचं तर मला त्यात मजा येत होती. कॉलेजात आम्हाला जुनी पुराणी यंत्रं दाखवत, त्यांना हातही लावू देत नसत. इथे एक खरंखुरं बिघडलेलं मशीन माझ्या ताब्यात होतं आणि घरातलं पोट त्याच्यावर अवलंबून होतं. सुदामकाका मात्र अण्णांवर चिडले. "दत्तू, हे डबडं विकून टाक. नायतर मला सिन्नरचा कीबोर्डवाला बघावा लागंल." गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर मोठं लग्न ठरलं होतं, त्या सराईतलं सगळ्यांत मोठं. तिथे आवाज गेला असता तर पुढे आम्हाला कुणी बोलावलं नसतं. कीबोर्डवाल्याचं नाव निघालं आणि अण्णा पाणी प्यायच्या निमित्ताने उठून आत गेले.

तेव्हा मी एक वही केली. कार्यक्रमाला निघण्याआधी मशीनमध्ये कुठला इफेक्ट चालू, कुठलं बटण किती फिरवलेलं, हे सगळं लिहायचं. परत आल्यावर पुन्हा लिहायचं. दोन पानं शेजारीशेजारी ठेवली की फरक दिसे. निघताना चार इफेक्ट, येताना सात. मी काढून टाकलेले परत आलेले. शिवाय धार वाढवायच्या तीन वेगवेगळ्या जागा, तिन्ही शेवटपर्यंत फिरवलेल्या. मी अण्णांना विचारलं.

"मी जराशी धार काढली फक्त," ते म्हणाले. "तू करून देती तो आवाज मेलेला असतो."

"अण्णा, मी ऐकते ना. स्वच्छ आहे तो."

"तीस वर्सं वाजवतोय मी. मला शिकवती का?"

इतक्या मोठ्याने ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. मला रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला, आणि रागाच्या भरात मी ठरवून टाकलं की दोष मशीनचाच आहे, ते आपोआप सेटिंग बदलतं. वही समोर असताना मी असं कसं ठरवलं, याचं आज मला नवल वाटतं. मी ज्या कारखान्यात तपासणी विभागात आहे तिथे नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगते की नोंद काय म्हणतेय ते आधी वाचा, आपल्याला काय हवंय ते नंतर. हे मी पुस्तकातून शिकलेले नाही.

गंगापूर रोडच्या लग्नाला बारा दिवस असताना आम्ही दोघं एसटीने मालेगावला गेलो. ते मशीन ज्यांनी पूर्वी दुरुस्त केलं होतं त्या शकीलभाईंचं दुकान यंत्रमागांच्या गल्लीत होतं. दोन्ही बाजूंनी माग अखंड खडखडत होते. शकीलभाई समोरच्याच्या तोंडाकडे बघून, ठासून बोलत. त्या गल्लीत सगळेच तसे बोलत. अण्णा खुशीत होते, त्यांनी शकीलभाईंबरोबर जुन्या ऑर्केस्ट्रांच्या गप्पा मारल्या, खारी चहात बुडवून खाल्ली. घरी ते हल्ली प्रत्येक वाक्याला 'काय?' विचारायचे. तिथे एकदाही विचारलं नाही. मला ते जाणवलं, पण त्याचा अर्थ लागला नाही.

शकीलभाईंनी मशीन उघडलं, पुसलं, तासभर चालवलं. मग अण्णा कोपऱ्यावर पान आणायला गेले तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं.

"ताई, मशीन एकदम ठीक आहे. कुछ खराबी नाही."

"मग ओव्हरलोड का येतं?"

त्यांनी पडदा माझ्याकडे फिरवला. "हे बघा. इथे धार फुल. इथे पण फुल. इथे पण. ही सेटिंग कोणी केली?"

"अण्णांनी."

ते एकेक स्क्रू परत बसवू लागले. "माझे अब्बा चाळीस साल लूमवर होते. नंतर नंतर रेडिओ लावला की असाच त्याचा कान पिळायचे. म्हणायचे, आवाज दबलाय, रेडिओ खराब आहे. मी तीन रेडिओ बदलले." त्यांनी स्क्रू ड्रायव्हर पेटीत ठेवला. "बुरा नका मानू. पण त्यांना वरचे सूर ऐकू येत नसणार."

परतीच्या एसटीत अण्णा खिडकीशी बसले होते आणि त्यांच्या मांडीवर मशीन होतं. मी त्यांच्या कानाकडे पाहत होते. त्या कानात कसलंही चिन्ह नव्हतं. चांदवडचा घाट उतरताना मी शेजारून हळूच म्हटलं, "अण्णा." त्यांनी वळून पाहिलं नाही. मला वाटलं, गाडीचा आवाज आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई निवडायला मेथी घेऊन बसली होती. मी बेंजो खाली काढला, मशीनला न जोडता मांडीवर घेतला आणि अण्णांना म्हटलं, "तुम्ही पाठ करून बसा. मी एकेक बटण वाजवते. ऐकू आलं की हात वर करा." त्यांना वाटलं, माझ्या कॉलेजातलं काहीतरी आहे. ते हसत पाठ करून बसले. मी खालच्या बटणापासून सुरुवात केली, हलकेच. हात वर. पुढचं. हात वर. एखाद्या शहाण्या विद्यार्थ्यासारखे ते हात वर करत होते. मधली सगळी झाली. मग एका बटणाला हात अर्धाच वर गेला आणि थबकला. त्यापुढचं वाजवलं. तार वाजली, आईने मेथीवरून डोळे उचलून माझ्याकडे पाहिलं, आणि अण्णा तसेच बसून राहिले, पुढचं बटण कधी वाजतंय याची वाट बघत. मी पुढचं वाजवलं. त्याच्या पुढचं. वरची सात बटणं मी एकामागून एक वाजवली. त्यांची पाठ हलली नाही.

"थांबलीस का गं?" शेवटी त्यांनी विचारलं.

त्यांनी वळून माझा हात पाहिला. तो शेवटच्या बटणावर होता. मग आईचा चेहरा पाहिला. ते उठून माझ्याजवळ आले, माझ्या हातातली पट्टी घेतली आणि ते शेवटचं बटण स्वतः दाबून वाजवलं. पुन्हा वाजवलं. कान पेटीला लावून वाजवलं. मग पट्टी ठेवली.

"सुदामला सांगू नको," ते म्हणाले.

लग्नाच्या दिवशी मी पहिल्यांदा पार्टीबरोबर गेले. आमच्यात मुली गाडीवर जात नसत, पण आई म्हणाली, "जाऊ दे तिला," आणि तो विषय तिथेच संपला. मशीनमध्ये मी फक्त चार इफेक्ट ठेवले आणि त्याच्या बाकीच्या बटणांवर चिकटपट्टी लावली. भर दुपारी लॉन्सच्या फाटकाबाहेर अण्णांनी पहिला सूर काढला आणि माझ्याकडे वळून तोंड वाकडं केलं.

"मेलेला हाय हा."

"चांगला आहे. वाजवा."

"तुला काय कळतं?"

"मला ऐकू येतं, अण्णा."

हे मी बोलून गेले. आज इतक्या वर्षांनी आठवलं तरी जीभ चावावीशी वाटते. ते पुढे वळले आणि वाजवायला लागले. दीड तास वाजवलं. मशीनने एकदाही सूचना दिली नाही, आवाज गेला नाही. बायका नाचल्या, नवरदेवाच्या मित्रांनी फेटे उडवले, तेच गाणं तीनदा वाजवायला लावलं. मी गाडीच्या कडेने चालत होते आणि मला आनंद व्हायला हवा होता. पण मी अण्णांकडे बघत होते. ते वाजवताना हळूहळू मागे झुकत चालले होते. भोंगा त्यांच्या डोक्यामागे हातभर होता, मग वीतभर, आणि शेवटी तर त्यांनी उजवा कान भोंग्याच्या तोंडाशीच नेऊन ठेवला. स्वतः वाजवलेलं ऐकायला. मला शकीलभाईंचे अब्बा आठवले. असंच चाललं तर उरलेलंही जाणार, हे कळायला माहितीपुस्तक लागत नव्हतं.

पंगत बसली तेव्हा सुदामकाका बुंदीचं ताट घेऊन सावलीला बसले होते. खुशीत होते. "आज सोन्यासारखा वाजला दत्तू. तू काय केलंस मशीनला?" मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. अण्णांनी सांगू नको म्हटलंय, हेसुद्धा सांगितलं. सुदामकाकांनी ताट खाली ठेवलं. "आन् मी त्याला कीबोर्डवाल्याचा धाक घालत होतो," ते म्हणाले. मग उठले, आणि संध्याकाळच्या वरातीआधी कुणाला काही न बोलता दोन्ही भोंगे काढून गाडीच्या पुढच्या टोकाला, रस्त्याकडे तोंड करून बांधले. अण्णा हात धुऊन आले. त्यांनी भोंगे पाहिले, सुदामकाकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

अकरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. काही हवं असलं तर आईला सांगत, माझ्यासमोरच. मी अभ्यास करतेय असं दाखवत वही उघडून बसायची. बरोबर केलं की चूक, हे मी तेव्हा हजारदा स्वतःला विचारलं. आता मुलगी मोठी होतेय, तिच्या गोष्टी माझ्यापाशी ठेवायला देते, तेव्हा कळतं की ठेवायला दिलेली गोष्ट आपण उघडली हे खरंच आहे, कारण कितीही चांगलं असलं तरी. बाराव्या दिवशी सकाळी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दवाखान्यात यायचं का तुला?" सरकारी दवाखान्यात त्यांना काचेच्या खोलीत बसवून, कानाला हेडफोन लावून तपासलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी समोर बसून, मोठ्याने आणि सावकाश सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळता येईल. वाजवताना कानात बोळे घाला, भोंग्यापासून लांब बसा. अण्णांनी एकच विचारलं, "वाजवता येईल ना?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला ऐकू येतं तेवढ्यात वाजवा."

हे वाक्य त्यांनी फारच मनावर घेतलं. सराई संपली, खोक्यांचं काम लागलं, आणि कामावरून आले की अण्णा बेंजो घेऊन बसायला लागले. तीस वर्षं बोटांत बसलेली गाणी त्यांनी एकेक करून खाली आणायला घेतली. जी वरच्या बटणांवर चढत होती ती खालच्या पट्टीत बसवायची. ऐकायला सोपं वाटतं, पण बोटं ऐकत नसत. सवयीने वर पळत, आणि तिथे अण्णांपुरती शांतता असे. ते पुन्हा सुरुवातीपासून धरत. मी मशीनपाशी बसायची. खालचा सूर भरीव यावा म्हणून काय ठेवायचं, काय काढायचं, हे आम्ही दोघं मिळून ठरवू लागलो. ते विचारत, "हे कसं येतंय?" आणि मी जे ऐकू येई ते सांगे, चांगलं नसेल तर चांगलं नाही म्हणे. आधी त्यांना ते जड गेलं. मलाही गेलं. सुदामकाका रविवारी येऊन ढोलावर बोटांनीच हलका ठेका धरत. सिन्नरच्या कीबोर्डवाल्याचं नाव कुणी पुन्हा काढलं नाही.

एका रविवारी संध्याकाळी अण्णांनी एक जुनं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता खालच्या पट्टीत वाजवलं. मी आणि सुदामकाकांनी माना डोलावल्या. आई मधल्या दारात तांदूळ पाखडत उभी होती. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत अण्णांनी तिला कधी वाजवण्याबद्दल विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं, "तुला कसं वाटतंय गं?"

आई सूप थांबवून म्हणाली, "मला हेच बरं वाटतं. आधी तुम्ही वाजवायला लागलात की माझं डोकं उठायचं."

सुदामकाका हसायला लागले. अण्णा आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिले. बोलता बोलता आई पाठमोरी झाली होती, त्यांना नीट ऐकू गेलं नव्हतं. वर्षभरापूर्वी असं झालं असतं तर त्यांनी ऐकल्यासारखं हसून दिलं असतं आणि आम्हीही ते चालवून घेतलं असतं.

"काय म्हणली ती?" त्यांनी मला विचारलं.

मी त्यांच्यासमोर बसले आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आई म्हणते, आधी तिचं डोकं उठायचं!"

"तीस वर्सं?" अण्णा आईकडे वळून म्हणाले. "मग सांगायचं नाय का?"